एडविनची सायकल

आमच्या घरात लोखंडाला जेवढा मान आहे तेवढा माणसांना नाही, असं आई म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. भाईंदरजवळच्या आमच्या पालीत समुद्र घरांच्या इतका जवळ आहे की खारं वारं कुणाला न विचारता आत येतं आणि जे लोखंडाचं दिसेल ते खायला बसतं. दाराच्या बिजागऱ्या, खिडकीचे गज, आईची शिवणाची मशीन, विळीचं पातं, माझ्या कंपासपेटीतला कर्कटकसुद्धा. कशावरही तांबूस पूड दिसली की पप्पांचा जीव खालीवर व्हायचा. पप्पांचं नाव इनास. स्वतःची बोट, स्वतःची जाळी, आणि बोलणं मोजून मापून. मासळी कमी मिळाली तर ते काही बोलत नसत, पण नांगराच्या साखळीला गंज दिसला की दिवसभर तोंड उतरलेलं असायचं.

पावसाळ्याआधी बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारतात. आमची बोट वर आली की दुसऱ्या दिवशी घरात 'तेलाचा दिवस' असायचा. हे नाव आमच्याच घरातलं, गावात दुसरं कुणी असं म्हणत नसे. रंगाच्या जुन्या डब्यात इंजिनचं तेल, त्यात थोडं रॉकेल, आणि बुडवायला फाटक्या बनियनचा बोळा. आधी बोटीचं सगळं सामान, नांगर, साखळ्या, कप्प्या. मग घर. पप्पा बाहेरच्या दारापासून सुरुवात करायचे आणि स्वयंपाकघरातल्या शेवटच्या कडीपर्यंत यायचे. त्या दिवशी आई मुद्दाम सुक्या बोंबलाचं कालवण करायची, कारण तेलाच्या वासापुढे टिकाव लागायचा तो फक्त त्याचाच. तरी भाताला थोडा वास यायचाच. आम्ही तो भात कुरकुर करत खायचो. अजूनही मीरा रोडला, पूनम सागर वसाहतीतल्या माझ्या घराखाली कुणी स्कूटर दुरुस्त करत बसलं आणि तो वास जिन्यातून वर आला, की मी नकळत बोंबील भिजत घालते. नवरा म्हणतो, तुझं नाक पालीतच राहिलंय.

एडविन माझा मोठा भाऊ. आमचा आंतोनमामा जहाजावर होता. तो एका खेपेला खोक्यात बांधून एक सायकल घेऊन आला आणि एडविनने ती अंगणात जोडली तेव्हा अर्धी पाली बघायला जमली होती. जाड, गाठीगाठींचे टायर. पुढच्या चाकाला दाबलं की खाली बसणारे आणि परत वर येणारे दोन पाय. गिअर इतके की मोजणाऱ्या माणसाने मध्येच नाद सोडला. पण सगळ्यांत नवल होतं ते ब्रेकचं. आम्ही पाहिलेल्या सायकलींना चाकाच्या कडेला रबराचे तुकडे घासायचे. हिच्या चाकांच्या मधोमध भोकं पाडलेली स्टीलची चकती होती, चकलीच्या सोऱ्यात घालतात तशी, आणि ब्रेक दाबला की दोन बारीक पॅड दोन्ही बाजूंनी ती चकती चिमटीत धरायचे. एडविन तिला डिस्क म्हणायचा. पप्पांनी त्या चकतीवरून बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "याला गंज येतो का?"

"स्टील हाय पप्पा, न्हाय येत," एडविन म्हणाला.

"समुद्राला सांग तसं," पप्पा म्हणाले. त्यांच्या मानाने हा विनोद होता.

ही सायकल रस्त्यासाठी नव्हती. एडविन ती शेजारच्या डोंगरी गावाच्या टेकडीवर न्यायचा. डोंगरीला जाणारी बस आणि रिक्षा खालच्या रस्त्याने जातात, टेकडीवर गुरं, ताडी काढणारे आणि आम्ही. वर पोचलं की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, त्यांच्या पलीकडे मीरा रोडच्या इमारती, दरवर्षी थोड्या जास्त. तिथून पालीच्या बाजूला एक पायवाट उतरते. जांभा दगड, वर सुटा मुरूम, ताडांमधून दोन-चार वाकडी वळणं आणि सगळ्यांत शेवटी एका जुन्या वाडीचा दगडी बांध, ज्याच्या अगदी तोंडावर वाट उजवीकडे वळते. मध्ये एका जागी दगड ओळीने वर आलेले होते, त्यांना एडविनने 'बायाचे दात' नाव ठेवलं होतं. बाया म्हणजे आमची आजी, आणि तिला ते नाव कळलं असतं तर तिने त्याचे दात पाडले असते.

मला तो का शिकवायचा, ठाऊक नाही. बहुतेक त्याला बघायला कुणीतरी हवं होतं. आई म्हणायची, "पोरीला डोंगरावर कशाला नेतंस? हातपाय मोडलं तर कोन करील तिच्याशी लगीन?" त्यावर एडविन म्हणायचा, "हात मोडले तर भांडी घासायला लागनार न्हाय, बरंच हाय की." मी आधी चढावर ढकलत न्यायला शिकले, मग चालवायला, मग उतरायला. उतारावर बसायचं नाही, पेडलवर उभं राहायचं, दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा खाली. ढुंगण मागे, इतकं मागे की सीट पोटाला लागली पाहिजे. ब्रेकवर एकच बोट, आणि तेही वळणाच्या आधी; वळणात दाबलास तर चाक तुला फेकून देईल. टायरमध्ये हवा कमी ठेवायची, अंगठ्याने दाबल्यावर टायर थोडा बसला पाहिजे. आणि दगडाकडे बघायचं नाही. "फिलू, जिथं बघशील तिथं सायकल जानार," तो ओरडायचा. "दगडाकडं नको बघू, वाटेकडं बघ." मी दगडाकडेच बघायची आणि दगडावरच जायची. तो हसत हसत खाली बसायचा.

त्या वर्षीचा तेलाचा दिवस मला सबंध आठवतो, आणि आठवू नये असं अनेकदा वाटलं आहे. मी ओट्यावर जवळा निवडत होते. पप्पा बिजागऱ्या, गज, शिवणाची मशीन सगळं उरकून बाहेर आले. डब्यात थोडं तेल उरलं होतं. भिंतीला एडविनची सायकल टेकलेली होती आणि तिच्या चकत्यांवर तांबूस झाक आली होती. समुद्राने आपलं म्हणणं खरं केलं होतं. पप्पा उकिडवे बसले. एका हाताने चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताने तेलाचा बोळा चकतीवर धरला. चाक गरगर फिरलं, चकती चकाकायला लागली. मग मागचं चाक. मग मान तिरकी करून त्यांनी ते काम निरखलं आणि डबा ठेवून दिला. फार क्वचित त्यांचा चेहरा इतका समाधानी दिसायचा.

संध्याकाळी एडविन कामावरून आला, चहा प्यायला, सायकल उचलली आणि गेला. पालीच्या गल्ल्यांत पाय टेकवत टेकवतच सायकल चालते आणि पुढे टेकडीपर्यंत सगळा चढ आहे. ब्रेक लागतो तो उतरतानाच.

तो बांधावर आपटला. हेल्मेट होतं, पण मान वाचली नाही. सायकलला मात्र एक ओरखडा, बस. लोकांना तिचाच राग आला. त्याला आणायला गेलेल्या माणसांनी सांगितलं की वाटेवर चाक घासल्याची एकही खूण नव्हती. मुरमात ब्रेक मारला की लांब ओरखडा उठतो, तो तिथे कुठेच नव्हता. म्हणजे त्याने ब्रेक मारलाच नाही. मस्ती. जवान पोरांना मरण दिसत नाही, असं सगळे म्हणाले, आणि एकाने तर हलक्या आवाजात विचारलं की घरात काही भांडण झालं होतं का.

आईने ते ऐकलं. त्यानंतर घरात एकच प्रश्न उरला. ताटावर बसलो की ती भाताकडे बघून विचारायची, "का न्हाय मारला त्यानी ब्रेक?" आम्हाला विचारत नव्हती. चर्चमध्ये मिस्साला गेलो की बायका आईचा हात धरायच्या, आई त्यांनाही तेच विचारायची. हळूहळू बायका दुसऱ्या बाकावर बसायला लागल्या.

मला काहीच वाटत नव्हतं. हे मी आज सजवून सांगत नाही, खरोखर तसंच होतं. दफनाच्या वेळी मी माती टाकली आणि हाताला लागलेली माती झटकताना वाटलं, ही माती ओली आहे. बस. मी कॉलेजला जायचे, यायचे, आईबरोबर वलांडीवर बोंबील वाळत घालायचे. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोड्या टांगायच्या असतात, ते काम डोकं नसलेल्या माणसालाही जमतं. मैत्रिणी रडल्या. मी त्यांना रुमाल दिले. जेवण मीठ नसल्यासारखं लागायचं आणि मग कळायचं की मीठ आहे. नाताळात आमच्याकडे फुगे तळले नाहीत, शेजारून ताट आलं, ते पिठाचे गोळे मी चघळत राहिले. कुणी मला चिमटा काढला असता तर मी त्याच्याकडे वळून पाहिलं असतं, एवढंच.

पप्पांनी सायकल ओट्यावर आणून ठेवली. कुणाला विकू दिली नाही. दर रविवारी मिस्साहून आलं की पांढरा शर्ट काढून ठेवायचे, बनियनवर बसायचे आणि तिला तेल लावायचे. साखळी, नट, स्प्रिंग, आणि मग चाक फिरवून त्या दोन्ही चकत्या. एडविनसाठी त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. आई आतून म्हणायची, "टाका ती समुद्रात." ते मान हलवायचे आणि बोळा फिरवत राहायचे.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात मृतांच्या सणाला आम्ही एडविनच्या कबरीवर झेंडू आणि मेणबत्त्या लावल्या. परत येताना आईने फाटकाशीच पुन्हा विचारलं, का न्हाय मारला. त्या वेळी मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि तो कंटाळा होता. तिचा, त्या प्रश्नाचा, एडविनचा. मी ठरवलं, जाऊन बघू. मरायला निघाले नव्हते, हे सांगायला हवं, कारण पुढे ज्यांना ज्यांना हे थोडंफार कळलं त्यांनी तसाच अर्थ काढला. मला फक्त बघायचं होतं की त्या वळणावर माणूस ब्रेक का मारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाईंदरच्या बाजारात मासळी घेऊन गेली, पप्पा समुद्रावर. मी सायकल काढली. चढावर ढकलत नेली, वर पोचून दम घेतला, अंगठ्याने टायर दाबून पाहिले, सीट खाली केली. हात आपोआप चालत होते. पावसाळ्यानंतरचं गवत वाटेच्या वरच्या अंगाला कमरेएवढं वाढून वाळलं होतं. मी पेडलवर उभी राहिले आणि सोडली.

पहिलं वळण येण्याआधी एका बोटाने ब्रेक दाबला. काही झालं नाही. दोन बोटांनी दाबला, मग अख्ख्या मुठीने. लिव्हर घट्ट आवळला गेला आणि सायकल तशीच पळत राहिली, जणू मी कुणा दुसऱ्याच्या सायकलचा ब्रेक दाबत होते. चाकं थांबत नव्हती म्हणून घासतही नव्हती. बायाचे दात पायांखालून खडखडत गेले. आणि मग ते झालं जे इतके महिने झालं नव्हतं. मला भीती वाटली. समोर बांध दिसायला लागला आणि माझे डोळे त्याच्यावरच चिकटले. मग कानात एडविनचं ओरडणं आलं आणि मी मान वळवली, दगडाकडून वरच्या अंगाच्या गवताकडे. ढुंगण मागे टाकलं, हँडल वळवलं आणि चढावरच्या गवतात घुसले. गवताने चाकं धरली, मग मला धरलं. उताणी पडले तेव्हा तोंडात माती होती आणि गुडघ्यातून रक्त येत होतं आणि ते दुखत होतं. किती दुखत होतं! मी तिथे पडून मोठमोठ्याने रडले. एडविन गेला तो मे महिना; तेव्हा तिथे गवत नसतं, नुसता मुरूम असतो, हे मला रडता रडताच कळलं.

सायकल घेऊन मी खालच्या रस्त्याने मीरा रोडला गेले. सपाटीवर हळू चालवत, पाय घासत. पूनम सागरजवळ शकीलभाईचं सायकलचं दुकान होतं, तिथे अशा सायकली येऊ लागल्या होत्या. त्याने मागचं चाक फिरवलं, ब्रेक दाबला, कपाळाला आठ्या घातल्या. चकतीवरून बोट फिरवून नाकाशी नेलं. मग ब्रेकमधून पॅड काढला, पकडीत धरला आणि स्टोव्हच्या ज्योतीवर नेला. त्या एवढ्याशा तुकड्यातून काळे बुडबुडे उकळून वर आले आणि धूर निघाला. वास आमच्या भाताचा होता.

"तेल पी के बैठा है," शकीलभाई म्हणाला. "डिस्क पे तेल किसने लगाया?"

ओट्यावरचा जवळा, गरगर फिरणारं चाक, पप्पांची तिरकी मान. सगळं एकदम समोर आलं.

"मैंने," मी म्हणाले.

"अरे बेटा, चेन को लगाते हैं, इसको नहीं. कोई मर जाएगा."

"हाँ," मी म्हणाले.

त्याने नवीन पॅड बसवले, चकत्या स्पिरिटने पुसून दिल्या. परतीच्या वाटेवर मी फार हळू गेले, ब्रेक आता चांगले लागत होते तरी. एडविनने ब्रेक मारला होता. अख्ख्या मुठीने मारला असणार, माझ्यासारखाच, आणि तेलकट पॅड चकतीवरून नुसते घसरले असणार. तो मस्तवाल नव्हता, त्याला मरायचं नव्हतं. हे मी आईला सांगू शकत होते आणि तिचा प्रश्न कायमचा संपला असता. पण पुढचा प्रश्न तिने लगेच विचारला असता, आणि त्याचं उत्तर बनियनवर ओट्यावर बसलेलं होतं.

घरी पोचले तेव्हा पप्पा जाळं शिवत होते. त्यांनी सायकलकडे पाहिलं, माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हळद लाव." जेवायला बसलो. आईने भात वाढला आणि भाताकडे बघून विचारलं, "का न्हाय मारला त्यानी?"

"मारला होता," मी म्हणाले. "मी जाऊन बघितलं. वळणाच्या वर जांभूळ हाय. मेमध्ये सगळी जांभळं वाटेवर पडतात, चिखल होतो. ब्रेक मारला तरी चाक घसरून जातं. खूण कशी उठनार?"

आईने माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत ती कुणाकडे बघत नव्हती. "मारला व्हता?"

"मारला होता, आई."

तिने पदर तोंडात धरला आणि रडली. तसं रडणं मी आधी दफनाच्या वेळीही पाहिलं नव्हतं. त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा कधीच विचारला नाही, मरेपर्यंत. पप्पा जेवत राहिले. त्यांचा हात ताटात एका जागी थांबला आणि मग परत चालू झाला, एवढंच माझ्या लक्षात आहे.

रविवारी मिस्साहून आल्यावर त्यांनी शर्ट काढला आणि डबा घेतला. मी म्हणाले, "पप्पा, सायकलचं यापुढं मी बघते." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. बोळा माझ्या हातात दिला आणि आत गेले. मी साखळीला तेल लावलं, बाकी नाही. मला वाटलं, निभावलं. एका खोट्यात आई वाचली आणि गप्प राहून पप्पा वाचले. बधिरपणा मात्र हळूहळूच गेला, आणि काही गेलाच नाही. आजही मला आनंदाची बातमी कळली की ती पोचायला थोडा वेळ लागतो.

एडविनच्या सायकलचा सांगाडा अजून पालीच्या घरात आहे. पप्पा आता बोटीवर जात नाहीत, हात थरथरतात. गेल्या महिन्यात मी जोएलला, माझ्या मुलाला, घेऊन गेले होते. त्याला नवी सायकल घेतली आहे, जाड टायरची, डिस्कची. आजकाल सगळ्यांचीच तशी असते. मी आत भात टाकला होता. बाहेर आले तर पप्पा ओट्यावर बनियनवर बसले होते आणि जोएलची सायकल उलटी करून ठेवली होती. ते साखळीला तेल लावत होते, थेंब थेंब, आणि डाव्या हाताने एक घडी घातलेलं फडकं चकतीवर घट्ट धरून ठेवलं होतं. हात थरथरत होता, पण फडकं हलत नव्हतं.

"आजोबा, ते का झाकलंय?" जोएलने विचारलं.

"याला तेल लागू द्यायचं न्हाय," पप्पा म्हणाले. "कवाच."

मी त्यांना हे कधीही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं.

जोएलला मामाची गोष्ट ठाऊक आहे, तशी सगळ्यांना ठाऊक आहे. तो म्हणाला, "एडविनमामा जांभळांवरून घसरला ना?"

पप्पांनी मान वर केली. मी दारात उभी असलेली त्यांना दिसले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग फडकं पुन्हा सारखं केलं.

"हां," ते म्हणाले. "तुझी आय सांगते तसंच झालं."

मी आत गेले आणि भात उतरवला.